आईचं नको

“पण बाबा, हे नको आपल्याकडचं की त्यांच्याकडचं, ते ओळखायचं कसं?”

जयवंतने एवढं विचारलं आणि तो थांबला.

याकूबबाबा दर्ग्याच्या ओट्याला पाठ टेकून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, काही कळेना. ते समोर खाडीकडे बघत होते…

खाडी ओसरली होती. पाणी केव्हाच लांब गेलं होतं आणि मागे राहिलेल्या चिखलावर फाल्गुनातलं ऊन लकाकत होतं. पलीकडच्या काठावर जयवंतचं गाव. उन्हाच्या झळांमधून ते घटकेत दिसायचं, घटकेत नाहीसं व्हायचं. भरती आल्याशिवाय होडी सुटणार नव्हती. म्हणजे उत्तर मिळो न मिळो, बसणं भाग होतं.

बाबा या दर्ग्यावर कधी आले, ते गावात कुणाला सांगता येत नाही. कुणी म्हणतं, ते जहाजावर खलाशी होते. कुणी म्हणतं, छे, ते तर मालेगावचे विणकर. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, दोन्ही खरं असेल. जयवंत लहान असताना आई दर गुरुवारी त्याचं बोट धरून इथं ऊद लावायला आणायची. आजही तिनेच पाठवलं होतं. सकाळपासून अंगणात येरझारा घालतोयस, त्यापेक्षा बाबांना भेटून ये, म्हणाली होती.

आता जयवंत खानविलकर म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. जर्मनीत, ब्रेमेन शहरात, त्याच्या नावाला वजन आहे. तिकडच्या कंपन्या आपली माणसं आशियात धाडण्याआधी त्याच्यापुढे शिकायला बसवतात. जपानी माणूस गप्प बसला तर काय समजायचं, चिनी माणसाला भेटवस्तू दोन्ही हातांनी का द्यायची, आपला माणूस मान हलवतो तेव्हा तो हो म्हणतोय की नुसतं ऐकतोय, हे सगळं तो त्यांना समजावतो. आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान आहे ते ‘नको’वरचं.

पूर्वेकडे, तो सांगतो, पहिलं नको रीतीचं असतं. दुसरं भिडेचं असतं. त्यापुढे आग्रह झाला की माणूस ताट पुढे करतो. आग्रह केला नाही तर पाहुणा उपाशी उठतो आणि वर म्हणतो, पोट भरलं हो. पश्चिमेकडे नको म्हणजे नको, आणि ते एकदाच ऐकून गप्प बसणं यालाच समोरच्याचा मान राखणं म्हणतात.

मंडळी हसतात, टाळ्या वाजवतात, मानधन देतात.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही. कारण या माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याची आई अर्धपोटी राहिली होती.

त्याचं झालं असं. लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात जयवंतने आईला ब्रेमेनला नेलं. त्याची बायको हायके, तिकडचीच, स्वभावाने सरळ. ती रोज मायेने रांधायची आणि सासूला, द्वारकाबाईंना, विचारायची, आणखी वाढू? द्वारकाबाई संकोचाने म्हणायच्या, नको. हायके लगेच भांडं उचलून ओट्यावर ठेवायची. सासूच्या शब्दाचा आपण किती मान ठेवतो, याचा तिला मनातून आनंद व्हायचा. आणि द्वारकाबाई आपल्या खोलीत जाऊन, गावाहून आणलेल्या डब्यातले पोहे पाण्यात भिजवून खायच्या.

जयवंतला हे कळलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता.

पुढच्या वर्षी हायके इकडे आली आणि फासे उलटे पडले. द्वारकाबाई वाढत राहिल्या. हायके नको म्हणाली. त्यांनी पोळी घातली. हायकेने ताटावर हात आडवा धरला, तर त्यांनी बोटांच्या फटीतून तूप सोडलं. पंगतीतली माणसं कौतुकाने हसली. हायके खोलीत जाऊन रडली. या घरात माझ्या नकाराला काडीची किंमत नाही, म्हणाली.

आता हसू नका. पुढचं ऐका.

जयवंतने दोघींना वेगवेगळं बसवून शिकवलं. त्याचा धंदाच तो. आईला सांगितलं, हवं असेल तर पहिल्या फटक्यात हो म्हण. तिकडे जे मनात, ते तोंडात. बायकोला सांगितलं, एकदा विचारून थांबू नकोस, आमच्यात आग्रह लागतो. दोघी हुशार, दोघींनी ते मन लावून शिकून घेतलं. तेव्हापासून हायके पाठ केल्यासारखी म्हणू लागली, घ्या ना, थोडं घ्या ना. आणि भांडं जाईल या धाकाने द्वारकाबाई भूक नसताना हो म्हणू लागल्या. दोघींच्या वागण्यात चूक म्हणून सापडेना, आणि दोघी एकमेकींसमोर बसल्या की जीव गुदमरायचा.

हे सगळं बाबांना सांगताना जयवंतलाही थोडं हसू आलं होतं. पण पुढचं सांगताना ते उरलं नाही.

दिवाळीनंतर द्वारकाबाई न्हाणीघरात पडल्या. शेजारीण हाक मारत आली तोवर तशाच ओल्या फरशीवर पडून होत्या. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. आता त्या भिंत धरून चालतात आणि संध्याकाळ झाली की दाराची कडी पुन्हा पुन्हा बघतात. म्हणून जयवंत आणि हायके आले होते. उद्या त्यांना निघायचं होतं.

काल जेवणं संपत आली तेव्हा हायकेने विचारलं होतं, आमच्याकडे राहायला याल का? कायमच्या? जयवंतने ते आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, नको.

एवढंच. नको.

हायकेने मान डोलवली आणि विषय तिथंच संपला. रात्री जयवंतने तिला म्हटलं, अगं, आमच्यात पहिलं नको खरं नसतं. ती म्हणाली, पण माझ्याशी बोलताना मनातलं तेच सांगायचं, हे तूच ना त्यांना शिकवलंस?

तिथं तो अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखा झाला. आईने आपल्या रीतीने नको म्हटलं असेल, तर उद्या तो तिला त्या भिंतीजवळ तशीच सोडून जाणार होता. आणि तिकडच्या रीतीने म्हटलं असेल, तर आग्रह करून तिला तिच्या घरातून, तिच्या माणसांतून ओढून काढणार होता. एका नकोत आईचं उरलेलं आयुष्य होतं, आणि जगाला नको समजावणाऱ्या माणसाला ते कळत नव्हतं.

“म्हणून विचारतो, बाबा. हे नको कुठलं?”

बाबांनी डोळे मिटले. उदाचा धूर त्यांच्या पांढऱ्या दाढीजवळून सावकाश वर जात होता. कुठंतरी टिटवी ओरडली.



“मला तुझ्या घरी बोलाव,” बाबा म्हणाले.

“म्हणजे?”

“बोलाव. बघू येतो का.”

जयवंतला हे जरा पोरकट वाटलं. पण त्याच्या शिकवण्यांत असले खेळ रोजचेच होते आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो सावरून बसला. हात जोडून, आवाजात नेमका गोडवा आणून त्याने बाबांना ब्रेमेनला यायचं आमंत्रण दिलं. बाबा नको म्हणाले. त्याने आपल्याकडच्या रीतीने आग्रह केला, तुमचे पाय लागले तर घर पावन होईल म्हणाला. बाबा नको म्हणाले. त्याने शपथ घातली, रुसल्यासारखं केलं. तरी नको. मग त्याने तिकडची रीतही करून दाखवली, डोळ्यांत बघून सरळ एकदाच विचारलं. बाबांनी तिकडच्यासारखंच सरळ सांगितलं, नको.

“आता सांग,” बाबा म्हणाले. “यातलं माझं खरं नको कुठलं?”

जयवंतने विचार केला. सूर, थांबणं, नजर, सगळं त्याच्या ध्यानात होतं. पहिलं रीतीचं, असं त्याने सांगितलं. मधली भिडेची. शेवटचं खरं, कारण त्या वेळी बाबांची नजर हलली नव्हती.

बाबांनी कौतुकाने मान हलवली.

“बेटा, मी तुझ्या घरी यावं असं तुला वाटत होतं का?”

जयवंत गडबडला. “ते… हा तर खेळ होता, बाबा. मी नुसतं विचारलं.”

“मीपण नुसतं नको म्हटलं.”

जयवंतला राग आला. एवढं ऊन डोक्यावर घेऊन तो आला होता, उद्या विमान होतं, आणि हे म्हातारबुवा त्याला खेळवत होते. बोलावं की उठून जावं, ते त्याला कळेना. पण उठून जाणार कुठं? खाडीत पाण्याचा थेंब नव्हता.

बाबा मात्र निवांत होते. त्यांनी सहज म्हणून विचारलं, घरी आत्ता कोण आहे? जयवंत म्हणाला, दोघीच आहेत.

“मध्ये कोण?”

“मध्ये कुणी नाही. हायकेला मराठी येत नाही, आईला जर्मन.”

“वा,” बाबा म्हणाले. “म्हणजे दोघींच्या गप्पा रंगल्या असतील.”

जयवंत हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर घरातलं स्वयंपाकघर आलं. आज निघताना त्याने वळून पाहिलं होतं. हायके खाली बसून आईच्या पायांना तेल चोळत होती आणि आई तिला मराठीत काहीतरी सांगत होती. हायके तिच्या भाषेत उत्तर देत होती. काय चाललंय ते विचारावं म्हणून तो आत जाणार होता, तर आईनेच त्याला हाताने जा म्हटलं होतं. तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

“काल तुझी बायको काय म्हणाली?” बाबांनी विचारलं. “तिचे शब्द सांग. जसेच्या तसे.”

“सांगितलं ना. राहायला याल का, म्हणाली.”

“तेवढंच?”

जयवंतने आठवलं. हायके चमचा खाली ठेवून आईकडे वळली होती. तिने आधी मनाशी जुळवून ठेवलं असावं, कारण ती हळूहळू बोलली होती.

“ती म्हणाली, तुम्ही आमच्याकडे राहायला याल का? तुम्ही आलात तर मला आनंद होईल. तुम्ही पडल्याचं कळल्यापासून मला झोप लागत नाही.”

“आणि तू आईला काय सांगितलंस?”

“हेच.”

बाबा बघत राहिले.

“म्हणजे… आनंद होईल वगैरे गाळलं. आपल्यात सून सासूला असं तोंडावर बोलत नाही, बाबा. आईला ते ओशाळवाणं झालं असतं. तिकडच्या गोष्टी इकडे आणताना थोडं कमीजास्त करावंच लागतं. माझं कामच ते.”

“मग शब्द काय सांगितलेस?”

“म्हटलं, आई, हायके विचारतेय, तिकडे राहायला येणार का…”

“हं.”

“…थंडी मात्र फार असते हं.”

खाडीवरून एक बगळा उडाला. दोघंही त्याच्याकडे बघत होते. तो दूर जाऊन उन्हात विरून गेला.

“थंडीचं ती म्हणाली होती?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“थंडी तिकडे असतेच, बाबा.”

“असेल,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

जयवंतने ओट्याच्या खांबाला डोकं टेकवलं. त्याला वाईट वाटत होतं, पण कशाचं, ते नीट धरता येईना. उदाचा वास लहानपणीचाच होता. ऊन पावलांवरून सरकत गुडघ्यांपर्यंत आलं. त्याचा डोळा लागला असावा, किंवा नसेलही, कारण दर्गा त्याला दिसतच होता. फक्त त्याच्या मध्यभागी ब्रेमेनचं जेवणाचं टेबल होतं.

टेबलाच्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला हायके. खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि खिडकीच्या आत खाडी होती, संथ, घोट्यापर्यंत. दोघी पाण्यात पाय सोडून बोलत होत्या. त्यांचा आवाज येत नव्हता. जयवंत दोघींच्या मधोमध उभा होता आणि घाईघाईने एकीचं दुसरीला सांगत होता, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या अंगावरून वाकून एकमेकींना बघायला धडपडत होत्या. आई एका बाजूला झुकली की तोही झुकायचा. हायके दुसरीकडे झुकली की तो तिकडे. शेवटी आईने त्याच्या कमरेला हात लावला, लहान मुलाला बाजूला करतात तसा, आणि म्हणाली, सर रे जरा.

तो सरला नाही. त्याला सरता येत असूनही तो सरला नाही. आणि सरत नाही म्हणून त्याला जे बरं वाटलं, ते त्याने तिथं उभ्या उभ्या ओळखलं.

काल रात्रीही तसंच झालं होतं. आई नको म्हणाली त्या क्षणी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. ती हायकेकडे बघून बोलली नव्हती. ती त्याच्याकडे बघून बोलली होती. आधी त्याचा चेहरा बघितला, मग नको म्हणाली. आणि तो रात्रभर पूर्व आणि पश्चिम यांची उजळणी करत बसला होता.

जाग आली तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

चिखल कुठंच नव्हता. काठोकाठ पाणी भरलं होतं आणि त्यावर पलीकडचं गाव इतकं स्पष्ट दिसत होतं, की आपल्या घराचं कौल ओळखू यावं. होडीवाला वल्ही लावून बसला होता. बाबा दर्ग्याच्या पायरीवर उभे होते. बहुधा बराच वेळ ते त्याच्या अंगावर सावली धरून उभे असावेत.

जयवंत उठला. त्याने तोंडावर पाणी मारलं. बाबांच्या पायांना हात लावायला वाकला तर त्यांनी त्याचे हात मध्येच धरले.

“बाबा, आईला काल हायकेने विचारलं,” तो म्हणाला. “मी नाही विचारलं. मी कधीच विचारलं नाही. नुसतं इकडचं तिकडे केलं.”

त्याने पलीकडच्या आपल्या घराकडे बघितलं.

“आज मी विचारतो. माझ्या तोंडाने.”

बाबांनी त्याचे हात सोडले. जयवंत पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. त्याने एक पाय होडीत ठेवला. होडी हलली. तो तसाच थांबला, एक पाय काठावर, एक होडीत, आणि मागे वळला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

“बाबा, आणि ती पुन्हा नको म्हणाली तर?”

“ते सोपं आहे, बेटा,” बाबा म्हणाले. “हो म्हणाली तर काय करशील?”